बारावा खोटा तारा

पोस्टमास्तरांनी पाकीट फोडलं तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होते. ते बिस्किट कपातच पडलं आणि विरघळलं. तासाभराने तो कप मी तसाच बेसिनमध्ये ओतला. मधला तास कसा गेला हे आज विचाराल तर मला धड सांगता येणार नाही.

पोस्टमास्तर म्हणजे खरे पोस्टमास्तर नव्हेत. आमच्या संस्थेत ते संगणक सांभाळतात. पण वर्षातून एकदा एक बंद पाकीट, वर आडवी सही करून, स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवतात, म्हणून त्यांना हे नाव पडलं. त्या पाकिटात खोट्या ताऱ्यांची यादी असते.

हे जरा समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एक दुर्बीण आहे. आमची नव्हे, दुसऱ्यांची. ती वर्षानुवर्षं आकाशाचे फोटो काढत बसलेली असते आणि प्रत्येक तारा त्या त्या वेळी किती उजळ होता ते आकड्यांत लिहून ठेवते. आकड्यांच्या त्या ढिगाऱ्यातून मला अतिशय तापलेले, निळसर तारे वेगळे काढायचे असतात, आणि त्यांतून पुन्हा असे, ज्यांचा उजेड कमीजास्त होतो. यासाठी एक गमतीची युक्ती आहे. ज्या ताऱ्याची मोजमापं सारखी चुकल्यासारखी दिसतात, आत्ता इतकी, मग तितकी, तिथे मोजणारा बहुधा चुकलेला नसतो. तारा बदलत असतो. म्हणून आम्ही संगणकाला सांगतो, बाबा रे, सगळ्यांत जास्त चुका कुणाच्या खात्यावर आहेत ते काढ. यंदा त्याने चौदाशे तीस तारे काढून दिले.

तिथून पुढे माणसाचे डोळे लागतात. दोन माणसं, दोन वेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी चकार शब्द न बोलता प्रत्येक ताऱ्याचा आलेख बघतात आणि शेरा मारतात. बदलता, स्थिर किंवा शंका. आता या दोघांची नजर किती पक्की आहे हे कसं कळणार? तर पोस्टमास्तर खऱ्यांच्या गर्दीत थोडे बनावट तारे सोडतात, संगणकावर रचलेले. किती आणि कुठले, ते फक्त पाकिटात. त्यांतले जेवढे तुम्ही पकडले तेवढी तुमची नजर. आणि नियम एकच आहे, बनावट कोणता ते ओळखायला जायचं नाही. सगळ्यांना सारखं वागवायचं.

हा नियम मी अठरा वर्षं नव्या लोकांना शिकवत आले. आणि यंदा मीच तो मोडला.

मोडायचा म्हणून नाही मोडला. गेल्या वर्षीचं पाकीट फुटल्यावर माझ्या सहज लक्षात आलं होतं की पोस्टमास्तरांच्या सगळ्या खोट्या ताऱ्यांची आवर्तनं, म्हणजे उजेडाच्या एका चढउताराला लागणारा वेळ, पूर्ण मिनिटांत होती. सदतीस मिनिटं, बावन्न मिनिटं, चव्वेचाळीस मिनिटं. माणूस आळशी, आकडे हाताने टाईप करणार, दशांश चिन्हाच्या पुढे कोण कष्ट घेतंय! खऱ्या ताऱ्याला आपल्या घड्याळाशी काय देणंघेणं? त्याचं आवर्तन सदतीस मिनिटं आणि वर अकरा पूर्णांक काहीतरी सेकंद असंच असायचं. झालं, एकदा कळलेलं विसरायचं कसं? यंदा पूर्ण मिनिटांचा तारा आला की माझ्या मनात घंटी वाजायची. शेरा मी नियमाप्रमाणे 'बदलता' असाच मारत होते, पण माझ्या वहीत बाजूला छोटीशी फुली करून ठेवत होते. शेवटी वहीत बारा फुल्या झाल्या. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

"यंदा अकरा," पोस्टमास्तर कागद झटकत म्हणाले.

"बारा," मी म्हणाले.

"अहो, मी टाकलेत. मला माहीत नाही? अकरा." त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. "आणि तुम्हाला आकडा कुठून कळला?"

मी वही उघडली. बोट लावून एकेक नंबर बघत गेले. माझ्या वहीतले अकरा होते. नऊशे सतरा नव्हता. पुन्हा वरून खाली आले, मग खालून वर गेले. कागद उलटा करून मागे बघितलं. कागदाच्या मागे काय असणार? नऊशे सतरा कुठेच नव्हता.

 आणि त्या एका ताऱ्यापायी मी माझ्या नणंदेला कामावरून घालवलं होतं.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही. आमच्याच घरात वरच्या दोन खोल्यांत राहतात. ताईंनी सत्तावीस वर्षं एका रुग्णालयात ईसीजी काढले आणि वाचले. लांबच लांब कागदी पट्टी दोन हातांत ताणून धरायची, नाकाजवळ न्यायची आणि एका दमात सांगायचं, ठीक आहे, किंवा डॉक्टरांना बोलवा. मग यंत्रच पट्टीच्या टोकाला निदान छापायला लागलं आणि ताई बावन्नाव्या वर्षी घरी बसल्या. घरी बसणं म्हणजे काय, तर सकाळी सात वाजता तयार होऊन, केस विंचरून, खिडकीत बसणं. मला ते बघवेना. आमच्याकडे दुसऱ्या तपासनिसाची जागा निघाली तेव्हा मीच म्हटलं, ताई, हृदयाच्या काय आणि ताऱ्यांच्या काय, शेवटी रेघाच बघायच्या ना! एका वर्षाच्या करारावर त्या लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी संचालकांना एकच प्रश्न विचारला, "इथला पेशंट दगावला तर कळवायचं कुणाला?" संचालक आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते.

आणि ताई कामाला वाघ निघाल्या. पडद्यावर बघून त्यांचं भागेना. कागदाचा रोल मागवला, प्रत्येक संशयित ताऱ्याची प्रत्येक वर्षाची पट्टी वेगळी छापून घेतली आणि त्या पट्ट्या एकाखाली एक अशा भिंतीला चिकटवल्या. एका सेकंदाला एक मिलिमीटर, असा त्यांचा हिशोब. छपाई विभागातला माणूस मला जिन्यात गाठून म्हणाला, "तुमच्या नणंदबाई आमचा कागद खातात की काय?"

आता तुम्ही म्हणाल, मग भांडण कशावरून? भांडण नव्हतंच. तेच तर वाईट आहे.

दोघींचे शेरे मारून झाले की पाकीट फुटायच्या आधी एक बैठक होते. जिथे जमलं नाही तेवढेच तारे समोर ठेवून बोलायचं. नऊशे सतराला आम्ही दोघींनीही 'बदलता' म्हटलं होतं, म्हणजे बोलायचं काही कारण नव्हतं. पण ताईंनी त्याच्या तीन पट्ट्या गुंडाळून आणल्या होत्या. त्यांनी टेबलावरचे कप बाजूला सारले आणि पट्ट्या उलगडल्या. सव्वा मीटरच्या एकेक.

"याच्याकडे सगळ्यांत आधी दुर्बीण लावायला सांग," त्या म्हणाल्या. "हा लवकर लवकर यायला लागलाय."

दोन तारे एकमेकांभोवती फिरताना एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड झपकन खाली येतो आणि पुन्हा वर जातो. आलेखात तिथे खड्डा पडतो. नऊशे सतराला दर वीस मिनिटांनी खड्डा होता. पूर्ण वीस, वर शून्य सेकंद. माझ्या मनातली घंटी अशी खणखणीत वाजली होती की विचारता सोय नाही.

"हा पहिल्या वर्षीचा खड्डा," ताईंनी पेन्सिलीने दाखवलं. "दुसऱ्या वर्षी दीड मिलिमीटर अलीकडे आलाय. तिसऱ्या वर्षी सहा."

"आवर्तनाचा शेवटचा आकडा जरा चुकला असेल, ताई. मग सरकल्यासारखं दिसतं. नेहमी होतं."

"तसं असतं तर सारखं सरकलं असतं ना? आधी दीड, तर पुढे तीन. इथे सहा झालेत. वाढत चाललंय ते. चौथ्या वर्षीचे आकडे आले की बघ, साडेतेरावर असेल." आणि त्यांनी खरोखरच पट्टीवर एक छोटा बाण काढला.

मी तेव्हा तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण मला तर आतली बातमी माहीत होती! तो तारा पोस्टमास्तरांच्या टेबलावर जन्मलेला, आणि पोस्टमास्तरांचे तारे ठरलेल्या आवर्तनाचेच असतात, ते तसूभर सरकत नाहीत. जे तिथे असूच शकत नाही ते ताईंना दिसत होतं. शिवाय घरचं माणूस म्हणून मी झुकतं माप देते असं कुणी म्हणायला नको, ही भीती वर्षभर मानेवर बसलेली. म्हणून परक्या माणसाला लावला नसता तेवढा कठोर नियम मी त्यांना लावला. संचालकांना दिलेल्या अहवालात लिहिलं, दुसऱ्या तपासनिसांनी एका उघड बनावट ताऱ्यावर तीन दिवस घालवले आणि नसलेला बदल मोजून दाखवला. त्यांच्या नजरेवर अवलंबून राहता येणार नाही.

आणि घरी जिन्यात त्यांना तोंडावर सांगितलंही. म्हटलं, मागून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. काय मोठेपणा माझा!

"ताई, तो तारा रचलेला आहे. त्यात काही सरकत नाही. तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या."

त्यांच्या हातात धुतलेल्या कपड्यांची बादली होती. त्या म्हणाल्या, "रचलेला? नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. पाच दिवसांनी, गुरुवारी, त्यांचं संस्थेत येणं थांबलं. मी समजले, करार वाढवला नसणार. नवऱ्याने विचारलं, "ताईला काही बोललीस का तू?" मी म्हटलं, कामाच्या गोष्टी आहेत, तुला नाही कळायच्या. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लोंबकळत्या तारांमध्ये असतो, भांडणात पडत नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही.

हे सगळं डोक्यात गरगरत होतं आणि पोस्टमास्तर समोर उभे होते. "काय झालं? पांढऱ्या पडलात."

"चौथ्या वर्षाचे आकडे आलेत का?" मी विचारलं.

"परवाच उतरवलेत."

मी त्यांच्याच खुर्चीत बसले. नऊशे सतराचे चौथ्या वर्षीचे आकडे काढले, तेच आवर्तन लावलं, तीच मापं, आणि पट्टी छापायला टाकली. मग ताईंच्या खोलीत गेले. टेबल आवरलेलं होतं, पण बैठकीनंतर त्यांनी पुन्हा भिंतीला लावलेल्या पट्ट्या तशाच होत्या. नवी पट्टी मी त्यांच्याखाली चिकटवली. चिकटपट्टीची गुंडाळी दोनदा खाली पडली. मग मोजपट्टी घेऊन मोजलं.

साडेतेरा.

पुन्हा मोजलं. मोजपट्टीचं दुसरं टोक लावून मोजलं. खड्डा बरोबर ताईंच्या बाणाखाली होता. मी खाली फरशीवरच बसले. दोन तारे, एकाच घरात राहावेत इतके एकमेकांजवळ, गिरक्या घेत घेत आणखी जवळ येत होते आणि त्यांची फेरी दर वर्षी लहान होत होती. असले जोड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडलेत. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला एक सापडला नाही. जो सापडला त्यावर मी फुली मारली होती, आणि जिने शोधला तिला डोळे तपासायला सांगितलं होतं.

संचालकांच्या खोलीत मी दार न ठोठावताच शिरले. एका दमात सगळं ओकून टाकलं. पूर्ण मिनिटांचं, वहीतल्या फुल्यांचं, अहवालाचं. संचालक शांत माणूस आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे तुमचा अहवाल आला तेव्हा पाकीट फुटलेलंच नव्हतं?"

"नाही."

"मी समजलो फुटलं असेल. 'उघड बनावट' असं लिहिलंय तुम्ही!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही बनावट तारे ओळखत होतात, म्हणजे तुमच्या शेऱ्यांना अर्थ राहिला नाही. चौदाशे तीसच्या चौदाशे तीस रद्द."

"हो."

"वर्षभराचं काम आहे."

"माहीत आहे मला."

त्यांनी टेबलावरची फाईल पुढे ओढली. मग म्हणाले, "आता या यादीत भरवशाचे डोळे एकच उरले. तुमच्या नणंदेचे. आणि त्यांचं हे माझ्याकडे आहे." त्यांनी फायलीतून एक कागद काढला. "मी त्यांना काढलेलं नाही. मी उलट म्हणत होतो, पाकीट फुटेपर्यंत थांबा. त्या थांबल्या नाहीत."

ताईंचं अक्षर. तीनच ओळी होत्या. माझ्या डोळ्यांवर आता विसंबता येत नाही असं माझ्या लक्षात आलं आहे. मी मारलेले सर्व शेरे बाद समजावेत. मला कामातून मोकळं करावं.

मला धक्क्यावर धक्के बसत होते, पण त्या कागदाने मात्र मी रडायलाच लागले. कारण मला लगेच वाटलं, माझ्यासाठी केलं हे. संचालकांपुढे वाद झाला असता तर माझी चोरी बाहेर आली असती, म्हणून या बाईने स्वतःच्या नजरेवर घेतलं. सत्तावीस वर्षं ज्या नजरेवर जगली तीच नजर माझ्यासाठी खोटी ठरवली.

"आज महिनाअखेर आहे," संचालक म्हणाले. "पाच वाजता करारांची फाईल वर जाते. त्यांनी हा कागद मागे घेतला, खाली एक ओळ लिहून सही केली, तर जागा त्यांची, तारा त्यांचा, यादी त्यांच्या नावाने जाईल. नाही घेतला, तर त्यांचे शेरेही बाद. मग हातात काहीच उरत नाही. तुमचं मी उद्या बघतो." त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. "पळा."

नवी पट्टी भिंतीवरून काढून पर्समध्ये घातली आणि मी पळाले. अक्षरशः. दोन वाजून गेले होते. रस्त्यात चौकाचं काम चाललं होतं, सगळी वाहनं तुंबलेली. मी टॅक्सी सोडून दिली आणि पर्स छातीशी धरून उरलेलं अंतर धावले. लोक बघत होते. बघू देत. डोक्यात एकच, पायऱ्या चढायच्या, ताईंच्या पायांवर डोकं ठेवायचं, सही घ्यायची, परत यायचं.

दारात नवऱ्याचे कामाचे बूट होते.

दुपारी पावणेतीनला तो कधी घरी नसतो. पंधरा वर्षांत नाही. खाली कुणी नव्हतं. मी वर गेले. ताईंच्या पलंगावर तो कामाच्या कपड्यांत बसला होता, आणि ताई समोर स्टुलावर. त्याचा डावा हात ताईंच्या हातात होता. त्यांची बोटं त्याच्या मनगटावर होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर.

"ताई," मी दारातूनच ओरडले, "तो खरा आहे! नऊशे सतरा खरा आहे! साडेतेरावर आलाय, तुमच्या बाणाखाली! पाकिटात नव्हताच तो. मी चुकले. मी मूर्ख आहे, मी…"

ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. ओठ हलत होते, त्या मोजत होत्या. मिनिट पूर्ण झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. पट्टी पर्समधून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. संचालकांनी दिलेला कागद काढला, पेन काढलं. "इथे एक ओळ लिहा आणि सही करा. पाचच्या आत द्यायचंय. आणि ताई, माझ्यासाठी तुम्ही असं कशाला लिहिलंत हो? मला वाचवायला स्वतःच्या डोळ्यांना कशाला नावं ठेवलीत?"

ताई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. "तुला वाचवायला? कशातून?"

"मग खोटं कशाला लिहिलंत?"

"खोटं कुठे? तूच म्हणालीस ना, तारा रचलेला आहे. नक्की म्हणालीस. रचलेला तारा सरकत नाही, आणि मला तर तो सरकताना दिसला होता. तीन दिवस दिसला. मोजपट्टी लावून मोजला मी." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "म्हणजे नसलेलं मला दिसतं. मग असलेलं किती दिसलं नसेल?"

 नवरा खाली मान घालून बसला होता.

"त्या दिवशी बादली ठेवली आणि आठवायला बसले," ताई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांत अशा पट्ट्या थोड्याच, ज्यांच्यावर मी अडले होते. हातात धरून थांबले, मग म्हटलं, नाही, ठीक आहे, घरी जा. ती माणसं विसरत नाहीत गं. चौदा नावं निघाली. सोमवारी रुग्णालयात जाऊन देऊन आले. म्हटलं, यांना पुन्हा बोलवा, माझ्या वाचण्यात चूक असू शकते. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. भले आहेत. कालपासून फोन करतायत सगळ्यांना."

"चौदा जणांना?" मी विचारलं.

"एका बाईंना तर परवाच नातू झालाय म्हणे. फोनवर रडायलाच लागल्या." ताईंनी भावाच्या मनगटावरची बोटं नीट केली. "आणि पहिलं नाव याचं लिहिलं."

नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "सहा वर्षांपूर्वी कंपनीने तपासणी करायला लावली होती, आठवतं? ताईनेच काढला होता ईसीजी. एका ठिकाणी ती थांबली होती, मी बघितलं होतं. मग म्हणाली, ठीक आहे, चढ खुशाल." त्याने हसायचा प्रयत्न केला. "सकाळी फोन आला तेव्हा मी नवव्या मजल्यावर होतो. साहेब शेजारीच उभे. त्यांनी तिथूनच खाली उतरवलं. नवा अहवाल येईपर्यंत काम बंद. परवाची वेळ मिळालीय तपासणीची."

"पण तारा खरा आहे!" मी जवळजवळ किंचाळले. "ताई, ऐका ना. तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही बरोबर होतात, मी चुकले होते. म्हणजे त्या चौदाच्या चौदा पट्ट्याही तुम्ही बरोबरच वाचल्या असणार. फोन करून सांगा त्यांना. आणि ही सही करा, तीन वाजत आले."

ताईंनी मांडीवरची पट्टी उचलली. नाकाजवळ नेली, दोन्ही हातांत ताणून धरली, नेहमीसारखी. बराच वेळ बघितली. मग खाली ठेवली.

"असेल खरा," त्या म्हणाल्या. "तू तेव्हाही नक्की म्हणाली होतीस."

मी कागद पुन्हा पुढे केला.

"सही नको. आज तरी नको. डोक्याला पटतंय तुझं, पण गेले दहा दिवस मी दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचते. अशा हाताने मी कुणाच्या यादीवर सही करू?" त्यांनी पेन माझ्या पर्सवर ठेवलं. मग भावाचं मनगट उचलून माझ्यापुढे केलं. "सकाळपासून सात वेळा मोजलंय. मला नीट लागतंय. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि मग वाटत नाही. तू बघ बरं एकदा."

"मी? ताई, मला कुठे येतं ते?"

"बघ तरी."

मी गुडघे टेकून बसले आणि त्याचं मनगट हातात घेतलं. बोटांखाली काहीतरी उडत होतं. ते त्याचं होतं की धावून आलेल्या माझ्याच बोटांचं, मला कळत नव्हतं. मी वर बघितलं. दोघं बहीणभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय सांगते त्याची वाट बघत.